सोनोग्राफी नॉर्मल, तरी लघवी निसटते: मग तपासायचं काय?

नागपूरच्या मानेवाड्यातून एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४७. दोन बाळंतपणं खालून झाली, पहिल्याला चिमटा लावावा लागला होता. सहा वर्षांपासून खोकलं, शिंकलं, वर्गात आवाज चढवला की लघवी निसटते. अलीकडे संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं. पोटाची सोनोग्राफी तीनदा झाली आणि तिन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. आता एका डॉक्टरांनी डायनॅमिक एमआरआय, म्हणजे कुंथताना-आवळताना चित्रं घेणारा एमआरआय, लिहून दिला आहे, दुसरे म्हणतात गर्भाशयाची पिशवीच काढून टाका. एमआरआय करावा का? आणि तीनदा नॉर्मल आलं, म्हणजे हे सगळं माझ्या मनाचं आहे का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मनाचं अजिबात नाही. मी वीसेक वर्षं नागपुरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य ऐकून वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत, की हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा.

तुमची सोनोग्राफी कशी झाली असेल ते आठवा. भरपूर पाणी प्यायला सांगितलं, लघवी तुंबवून ठेवायला लावली, मग तुम्ही उताण्या झोपलात आणि ओटीपोटावर प्रोब फिरवला. त्यात किडनी, लघवीच्या पिशवीची भिंत, खडा, गर्भाशयातल्या गाठी, बीजकोष हे सगळं दिसतं. ते नॉर्मल आहे, ही चांगलीच बातमी. पण तुमची तक्रार लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आहे, तीही खोकल्याच्या क्षणी. त्या जागी कुणी पाहिलं नाही आणि त्या क्षणीही पाहिलं नाही. कौलं मे महिन्यात तपासली तर गळती कशी सापडेल?

ओटीपोटाच्या तळाशी काय असतं, ते आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी बाजेवरून सांगते. बाजेची चौकट म्हणजे कमरेची हाडं आणि त्यावर विणलेली नवार म्हणजे तळाचे स्नायू. समोर लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय, मागे मलाशय, हे तिघं त्या विणीवर टेकून असतात. विणीच्या मधोमध एक फट असते. तिच्यातूनच लघवीचा मार्ग, योनी आणि शौचाचा मार्ग बाहेर येतात. बाळही त्याच फटीतून बाहेर येतं. कधी नवार नुसती सैल पडते, कधी ती एका बाजूला चौकटीपासूनच सुटते. दोन्हींमध्ये बाज खाली झोळते, पण दुरुस्ती सारखी नसते. नवार सैल आहे की सुटलेली, हे सोनोग्राफीत दिसू शकतं. त्याकडे पुढे येते.

आता मी रेडिओलॉजिस्ट असूनही एक गोष्ट ठामपणे सांगते. नुसती लघवी निसटते एवढ्या तक्रारीसाठी सगळ्यांत आधी चित्राची गरज नसते. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहे: लघवी निसटणाऱ्या स्त्रियांमध्ये एमआरआय, सीटी, एक्स-रे सरसकट करू नयेत, आणि सोनोग्राफी फक्त लघवीनंतर पिशवीत किती उरते हे मोजण्यासाठी वापरावी. मला हे पटतं. कारण लघवी का निसटते, हे बहुतेक वेळा चित्रापेक्षा तुमच्या सांगण्यातून कळतं.

खोकल्यावर, हसल्यावर, पाण्याचा गुंड उचलल्यावर चटकन थोडी निसटते, तो एक प्रकार. तिथे मूत्रमार्गाचा आधार कमी पडलेला असतो. अचानक घाईची लागते आणि दाराची कडी काढेपर्यंत निघून जाते, तो दुसरा. तिथे पिशवी नको त्या वेळी आकुंचन पावते. अनेकींना दोन्ही असतं. फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यावर ऑपरेशन उपयोगी पडू शकतं, तर दुसऱ्यावर तेच ऑपरेशन केलं तर त्रास वाढूही शकतो. म्हणून तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता किती प्यायलं, किती लघवी झाली, कधी निसटली आणि त्या वेळी काय करत होतात. लघवी मोजायला स्वयंपाकघरातलं जुनं मापाचं भांडं वेगळं काढून ठेवा. या वहीतून मला जे कळतं ते कुठल्याही मशीनमधून कळत नाही. याशिवाय लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तातली साखर, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाने पिशवी थोडी भरलेली असताना खोकायला लावून केलेली तपासणी. एवढ्यावर बहुतेकींचा उपचार सुरू होतो.

एक सवय मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात मला फार छळते. निसटू नये म्हणून बायका पाणीच तोडतात. पारा ४५ च्या पुढे असताना सकाळी एक कप चहा घेऊन निघतात आणि दुपारी घरी आल्यावरच पाणी पितात. शाळेतल्या बायकांमध्ये हे सर्रास आहे, कारण शाळेत धड स्वच्छतागृह नसतं. लघवी गडद झाली की पिशवीची जळजळ वाढते, घाई वाढते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. पाणी कमी करू नका. चहाचे कप कमी करा.

उरलेली लघवी मोजण्याबद्दलही दोन शब्द. लघवी करून आल्यावर दहा मिनिटांच्या आत पिशवीची लांबी, रुंदी, उंची मोजून त्यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणतात. ५० मिलिलिटरपेक्षा कमी उरली तर काळजी नाही. २०० च्या वर उरत असेल तर पिशवी रिकामी होत नाही आणि वरून सांडते आहे, अशी शंका येते. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात हे दिसतं. पण सोनोग्राफी सेंटरवर बाईला लिटरभर पाणी पाजून दीड तास बसवलेलं असतं. पिशवी ताणून फुगलेली, बाहेर रांग, आत जाऊन घाईघाईत केलेली लघवी. मग १५० उरली असं लिहून येतं आणि ती बाई घाबरते. असं झालं तर दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखी लघवी लागल्यावर, पुन्हा मोजायला सांगा.

मग चित्र लागतं कधी? खाली काही उतरल्यासारखं वाटतं तेव्हा. आधी ऑपरेशन होऊन त्रास परत आला तेव्हा. शौचालाही त्रास आहे तेव्हा. किंवा तपासणीत दिसतं एक आणि बाई सांगते दुसरं, तेव्हा. तुम्ही यात बसता, कारण तुम्हाला संध्याकाळचं जडपण आहे आणि पहिल्या बाळंतपणात चिमटा लागला होता. पण तुमच्यासाठी पहिलं चित्र एमआरआयचं नसावं, असं मला वाटतं. ते खालून केलेल्या सोनोग्राफीचं असावं.

तिला ट्रान्सपेरिनियल सोनोग्राफी म्हणतात. नाव ऐकून बायका दचकतात, म्हणून नेमकं काय होतं ते सांगते. लघवी करून यायचं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, टाचा जवळ घ्यायच्या, अंगावर चादर असते. पोटावर फिरवतात तोच गोलसर प्रोब, त्यावर जेल आणि ग्लोव्ह किंवा कव्हर चढवून, बाहेरून टेकवला जातो. आत काही घालत नाहीत. सुई नाही, किरणं नाहीत, दुखत नाही. दहा-पंधरा मिनिटांत होतं. पडद्यावर एका बाजूला पुढचं हाड दिसतं, शेजारी मूत्रमार्ग आणि पिशवीचं तोंड, मग योनी, मग मलाशयाचं वळण. हे सगळं हलताना दिसतं आणि या तपासणीचं सगळं मोल त्या हलण्यातच आहे.

आम्ही तुम्हाला चार गोष्टी करायला सांगतो: शांत पडा, आवळा, खोका, कुंथा. कुंथताना पिशवीचं तोंड हाडाच्या तुलनेत किती मिलिमीटर खाली सरकतं ते मोजतो. २५ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त सरकलं तर आधार सैल आहे असं मानतात. मूत्रमार्गाचं वरचं तोंड नरसाळ्यासारखं उघडतं का, तेही बघतो. पण लघवी अजिबात न निसटणाऱ्या बायकांमध्येही ते कधी कधी उघडतं, म्हणून त्या एका खुणेवरून ऑपरेशन ठरत नाही. पिशवी हाडाच्या खालच्या कडेखाली १० मिलिमीटर किंवा जास्त उतरली, किंवा मलाशय १५ मिलिमीटर उतरलं, तर ते त्रास देण्याजोगं मानतात.

कुंथणं हा सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि इथेच माझी एक चूक सांगायला हवी. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्ध्याकडून एक काकू आल्या होत्या. कापूस वेचणाऱ्या, पाच बाळंतपणं झालेल्या. 'दुपारपर्यंत अंग बाहेर येते' असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी लघवी भरलेली असतानाच तपासलं, दोनदा कुंथायला लावलं आणि विशेष काही नाही असं लिहून दिलं. तीन महिन्यांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, 'मॅडम, मी खोटं बोलून राहिली काय?' त्या दिवशी पिशवी रिकामी करून, खोलीतून सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला पूर्ण गर्भाशय खाली आलेलं दिसलं. भरलेली पिशवी ते उतरणं झाकून ठेवते. आणि अनोळखी खोलीत, लघवी होईल या भीतीने, बाई कुंथताना नकळत खालून आवळून धरते. त्या काकूंनी तीन महिने जे सोसलं त्याला माझं ते एक वाक्य कारणीभूत होतं. तेव्हापासून मी किमान तीन वेळा, प्रत्येकी सहा-सात सेकंद कुंथायला लावते आणि 'लघवी झाली तर होऊ द्या, खाली पॅड अंथरला आहे' हे आधीच सांगते.

आता बाजेची नवार. थ्रीडी-फोरडी प्रोब असेल तर खालून बघितल्यासारखा ती फट आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा छेद मिळतो. कुंथताना फटीचं क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त झालं तर ती फार सैलावली आहे असं समजतात. स्नायू हाडापासून सुटला असेल तर त्या बाजूची जागा रिकामी दिसते. पहिल्या नैसर्गिक बाळंतपणानंतर वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते ३० टक्के स्त्रियांमध्ये असं सुटणं आढळलं आहे आणि चिमट्याच्या बाळंतपणात ते बरंच जास्त असतं. या विषयावर सिडनीच्या हान्स पीटर डिएट्झ यांच्या गटाने खूप काम केलं आहे. इथे एक बारकावा आहे, जो अनेकदा रिपोर्टमध्ये हरवतो. स्नायू सुटण्याचा संबंध प्रामुख्याने अंग बाहेर येण्याशी आहे, लघवी निसटण्याशी फारसा नाही. म्हणजे तुमच्या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी असू शकतात. मग हे कळून उपयोग काय? स्नायू सुटलेला असेल तर योनीची पुढची भिंत शिवल्यानंतर ती पुन्हा उतरण्याचा धोका जास्त असतो. सर्जनला हे आधी माहीत असलेलं बरं, आणि तुम्हालाही.

सोनोग्राफी आणखी एका ठिकाणी फार कामाची. पूर्वी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवलेली असते आणि कागद हरवलेले असतात. 'खालून काहीतरी ऑपरेशन झालं' एवढंच बाईला माहीत. ती पट्टी सोनोग्राफीत पांढरी ठळक दिसते. ती किती घट्ट आहे, कुठे सरकली आहे, हे कळतं. एमआरआय आणि सीटीत ती नीट दिसत नाही. पट्टी आणि मोठी जाळी यांत गल्लत होते, म्हणून सांगते: अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. लघवीसाठीची पट्टी ही वेगळी गोष्ट आहे.

एमआरआयचा विचार करण्याआधी मी तुम्हाला एक प्रश्न विचारते, जो तुम्ही पत्रात लिहिला नाही आणि बहुतेक बायका स्वतःहून सांगत नाहीत. शौचाला खूप जोर करावा लागतो का? पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही का? योनीत किंवा बाजूला बोट दाबून शौच काढावी लागते का? उत्तर हो असेल तर एमआरआयला खरा अर्थ आहे. हे सांगायला लाज वाटते, मला माहीत आहे. डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्या, चालेल.

डायनॅमिक एमआरआयमध्ये गुदद्वारातून साधारण १२० ते २०० मिलिलिटर सोनोग्राफीचं जेल आत सोडतात. मग मशीनमध्ये झोपून आवळणं, कुंथणं आणि शेवटी ते जेल प्रत्यक्ष बाहेर टाकणं, हे सगळं होत असताना भराभर चित्रं घेतात. पुढच्या हाडाच्या खालच्या कडेपासून माकडहाडाच्या शेवटच्या सांध्यापर्यंत एक रेषा काढतात आणि तिच्या खाली कोण किती उतरलं ते मोजतात. ३ सेंटिमीटरपर्यंत सौम्य, ३ ते ६ मध्यम, त्यापुढे तीव्र. पिशवी, गर्भाशय, मलाशय तिन्ही एकाच चित्रात येतात. आतड्याचा भाग योनी आणि मलाशयाच्या मध्ये घुसतो, तो हाताच्या तपासणीत सहज निसटतो, इथे मात्र दिसतो. मलाशय पुढे फुगून जेल तिथेच अडकतं का, तेही दिसतं. २ सेंटिमीटरपर्यंतचा असा फुगा तक्रार नसलेल्या अनेक बायकांमध्येही असतो, त्यामुळे 'रेक्टोसील' हा शब्द रिपोर्टमध्ये वाचून घाबरू नका.

एमआरआयची मर्यादा अशी, की बहुतेक मशीनमध्ये झोपून करावं लागतं आणि झोपून शौच करणं अनेकींना अवघड जातं. म्हणून जेल बाहेर टाकण्याचा भाग झालाच नाही, तर बरीच माहिती हातची जाते. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: 'जेल भरून, कुंथायला लावून, बाहेर टाकेपर्यंत चित्रं घेता ना?' समोरचा गोंधळला, किंवा 'साधा पेल्विसचा एमआरआय होईल' म्हणाला, तर ते पैसे वाचवा. साधा एमआरआय या तक्रारीसाठी पुन्हा मे महिन्यातली कौलं. बसून, बेरियम भरून एक्स-रेखाली करायची जुनी तपासणीही असते. बसणं नैसर्गिक असल्याने ती आजही उपयोगी आहे, फक्त तिच्यात किरणं लागतात.

बाकी काही तक्रारींचे रस्ते वेगळे आहेत. लघवी करून उठल्यावर थेंब थेंब गळणं, जळजळ आणि संबंधाच्या वेळी दुखणं एकत्र असेल तर मूत्रमार्गाशेजारी छोटी पिशवी तयार झालेली असू शकते, त्यासाठी एमआरआयच उत्तम. वायू आवरत नसेल तर गुदद्वाराच्या स्नायूंची आतून सोनोग्राफी. रात्रंदिवस सतत ओलं राहत असेल, विशेषतः गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर किंवा फार अडलेल्या बाळंतपणानंतर, तर पिशवी आणि योनी यांच्यात छिद्र पडल्याची शंका घेऊन लगेच दाखवा. लघवीतून रक्त, लघवी अडकणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, यांतलं काही असेल तर वाट बघू नका.

आता गर्भाशयाची पिशवी काढण्याबद्दल. विदर्भात हा सल्ला फार सहज मिळतो आणि बायकाही 'कटकट गेली' म्हणून तयार होतात. गर्भाशय काढल्याने लघवी निसटणं थांबत नाही. गर्भाशयाने मूत्रमार्गाला धरून ठेवलेलं नसतं. अंग खूप बाहेर येत असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, पण तेव्हाही वरचा आधार पुन्हा बांधणं हा मुख्य भाग असतो. आणि एक उलटी गोष्ट होऊ शकते: अंग बाहेर आल्याने मूत्रमार्ग दुमडलेला असतो, म्हणून लघवी निसटत नाही. ते आत बसवलं की गळती सुरू होते. यासाठी ऑपरेशनआधी अंग आत ढकलून धरून खोकायला लावून बघतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे बघितलं का.

तुमच्यासाठी मी क्रम असा लावेन. आधी तीन दिवसांची वही आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी. ती नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांतल्या स्त्रीरोग ओपीडीतही होते. मग खालून सोनोग्राफी. तिच्या जोडीला किमान तीन महिने तळाच्या स्नायूंचा व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली: दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आवळण्या. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला आणि आजही पहिला उपचार तोच आहे. अडचण एवढीच, की 'आवळा' म्हटलं की बऱ्याच बायका खाली ढकलतात. म्हणून मी पडदा त्यांच्याकडे वळवते. बरोबर आवळलं की पिशवीचं तोंड वर, पुढच्या हाडाकडे सरकतं. भंडाऱ्याच्या एक काकू सहा महिने उलटा व्यायाम करत होत्या. पडद्यावर बघून दुसऱ्या मिनिटाला त्यांना जमला आणि त्या इतक्या खुश झाल्या, की बाहेर बसलेल्या सुनेला आत बोलावून त्यांनी तो दाखवला.

शौचाचा त्रास असेल, किंवा तीन महिन्यांनीही फरक पडला नाही आणि ऑपरेशन ठरायला लागलं, तर तो डायनॅमिक एमआरआय जरूर करा. तेव्हा डॉक्टरांकडे त्याला विचारायचा नेमका प्रश्न असेल.

सोनोग्राफीला संध्याकाळची वेळ मागा, दिवसभर उभं राहून झाल्यावर. सकाळी सगळं जागेवर असतं. पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर आणा. बाई डॉक्टर हवी असेल तर आधीच सांगा, आणि निदान एक स्त्री मदतनीस खोलीत असावी, हा आग्रह धरा. सुती साडी किंवा सैल सलवार घाला, जास्तीचा पॅड सोबत ठेवा. खोकताना लघवी निसटली तर माफी मागू नका ताई, आम्हाला तेच बघायचं असतं.